टेक्सासात रानडुकराची पहिली शिकार: रायफल शेवटी घ्या, आधी कागद आणि गोळी

दिवाळी झाली आणि थोडी थंडी पडायला लागली की इथल्या मराठी मंडळातला कोणीतरी नवीन मुलगा मला बाजूला घेतो आणि हळूच विचारतो, दादा तुम्ही डुकरांच्या शिकारीला जाता ना, मग रायफल कुठली घेऊ? यूट्यूब बघून त्याने दोन-तीन नावं आधीच काढलेली असतात. मी त्याला म्हणतो, रायफल राहू दे, आधी तुझा व्हिसा कुठला ते सांग. मुलगा चपापतो. पण खरंच, हा सगळा मामला उलट्या बाजूने सुरू करायचा असतो, आधी कागद, मग डुक्कर, मग गोळी, आणि रायफल सगळ्यात शेवटी. रायफलीत चूक झाली तर फार तर पाच-सहाशे डॉलर वाया जातील, बाकीच्या तीन गोष्टींतली चूक महागात पडते.

एक आधीच सांगून टाकतो, हे सगळं टेक्सासपुरतं आहे. आपल्याकडे रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, त्यामुळे गावी जाऊन काकाच्या शेतात हे प्रयोग करू नका. माझे आजोबा संगमेश्वराकडचे, भाताच्या दिवसांत रात्र रात्र माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायचे, डुकरं आली की एका रात्रीत अर्धा मळा लोळवून जातात हे मी लहानपणी बघितलंय. इथे चित्र तेच आहे, फक्त आकार मोठा. टेक्सासात रानटी झालेली डुकरं पंचवीस-तीस लाखांच्या घरात असावीत असा अंदाज सांगतात. मूळची ही इथली नव्हेतच, स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटली, मग १९३० च्या दशकात काही रँचवाल्यांनी शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं सोडली आणि दोघांची सरमिसळ झाली. म्हणून इथे त्यांना ना सीझन, ना किती मारायची त्याला मर्यादा.

१. कागद

इथे एक गंमत आहे आणि ती आपल्या लोकांना हमखास फसवते. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासात खासगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, डुक्कर मारायला हंटिंग लायसन्स लागत नाही. हे ऐकून एच-वन-बी वाला म्हणतो चला सुटलो. नाही सुटलास बाबा! फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा वेगळा आहे आणि तो म्हणतो की नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायचंच नाही, एच-वन असो, एच-फोर असो, एफ-वन असो. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा एकच, की तुमच्याकडे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं मुदतीत असलेलं हंटिंग लायसन्स हवं. म्हणजे राज्य म्हणतं डुकराला लायसन्स नको, आणि तुम्हाला मात्र बंदुकीला हात लावायलाच ते लायसन्स हवं. मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर चालवून बघतो, हेसुद्धा लायसन्स आधी खिशात ठेवून.

आणि त्याला मुदत असते! टेक्सासचं हे लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला तुमच्या कपाटात रायफल आहे आणि नवीन लायसन्स काढलेलं नाही, तर तो अपवाद गेला. मी फोनवर १५ ऑगस्टचा रिमाइंडर लावायला सांगतो, स्वातंत्र्यदिन, लक्षात राहतो. रहिवाशाला लायसन्स पंचवीस डॉलरला पडतं, सलग सहा महिने इथे राहत असाल तर तुम्ही रहिवासी. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, सतरा वर्षं पूर्ण असतील तर तो ऑनलाइन होतो. खासगी जमिनीवरच्या डुकराला तो सक्तीचा नसला तरी करा, त्यातला सेफ्टीचा भाग फुकट जात नाही. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर ही व्हिसाची भानगड नाही. आणि दुकानात बंदूक घेताना जो ४४७३ नंबरचा फॉर्म भरतात त्यात एक शब्द खोटा लिहू नका, अंदाजाने टिक करू नका, तो फेडरल गुन्हा आहे आणि तुमचा पुढचा सगळा इमिग्रेशनचा प्रवास त्यावर अडकू शकतो. शंका असेल तर एकदा वकिलाला पैसे देऊन विचारा. रायफलीपेक्षा स्वस्त पडेल.

पब्लिक लँडवर जाणार असाल तर लायसन्स सगळ्यांनाच लागतं, वर तिथले नियम आणि दुसऱ्या शिकाऱ्यांना दिसावं म्हणून घालायचे भडक भगवे कपडे वेगळे. पहिल्या वर्षी तिकडे जाऊ नका. ओळखीचा रँचवाला किंवा पैसे घेऊन शिकारीला नेणारा गाइड, हेच बरं.

कागदातच मोडतं म्हणून इथेच सांगतो, दक्षिण आणि पश्चिम टेक्सासात हावलीना नावाचा प्राणी असतो, लांबून डुकरासारखाच दिसतो, पण तो डुक्कर नव्हे आणि त्याला सीझन, लायसन्स, मर्यादा सगळं आहे. तो लहान असतो, चाळीस-पन्नास पाउंडांचा, करडा, मानेभोवती फिकट पट्टा, शेपूट जवळजवळ नाहीच. ओळख पटली नाही तर बोट चापापासून लांब.

२. डुक्कर आतून कसं असतं

हे कळलं की गोळीचं अर्धं गणित आपोआप सुटतं. माझं पहिलं डुक्कर मी हरणाचं चित्र डोक्यात ठेवून मारलं, खांद्याच्या मागे, मधोमध. संध्याकाळची वेळ, फीडरखाली मका खात असलेला दीड-पावणेदोनशे पाउंडांचा नर, साठ यार्ड. बार बसला, आवाज आला, डुक्कर एकदा गुरकावलं आणि मेस्किटच्या काटेरी झाडीत गेलं. त्यानंतर दोन तास मी आणि माझा मित्र टॉर्च घेऊन, गुडघ्यावर रांगत, काटे हाताने बाजूला करत, रक्ताचा एकेक ठिपका शोधत होतो आणि प्रत्येक वेळी झाडीत खसखस झाली की दोघंही दगडासारखे थांबायचो. सापडलं शेवटी, पण ते दोन तास त्या जनावराने काढले ते माझ्या चुकीमुळे.

दुसऱ्या दिवशी सोलताना मित्राने दाखवलं. डुकराचं काळीज आणि फुफ्फुस हरणापेक्षा खाली आणि पुढे असतात, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये. मी जिथे मारलं तिथे फुफ्फुसाची मागची कड आणि पोट. शिवाय मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली एक जाड, चिवट, रबरासारखा थर असतो, नर एकमेकांना सुळे मारतात त्यातून वाचायला निसर्गाने दिलेली ढालच ती. सुरी त्यावर करकर वाजत होती, नारळाची करवंटी खरवडतो तशी, आणि माझ्या डुकराची ढाल अंगठ्याएवढी जाड होती. काही लोक सांगतात की या ढालीतून गोळीच जात नाही, ते काही खरं नाही, चांगली गोळी जाते. पण हलकी, पटकन फुटणारी गोळी तिथेच फुटते आणि आत काही पोचत नाही, आणि चरबी जखम बुजवते म्हणून रक्तही कमी सांडतं.

तेव्हा नेम असा: डुक्कर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या रेषेत वर या आणि अंगाच्या खालच्या एक तृतीयांशावर थांबा. कानामागे मारतात तेही चालतं, डुक्कर जागच्या जागी बसतं, पण ती जागा लिंबाएवढी आणि डोकं सतत हलत असतं. नवीन माणसाने खांदाच धरावा. समोरून येणाऱ्या किंवा पाठमोऱ्या डुकरावर बार काढू नका, थांबा, ते वळतंच.

३. गोळी

आपण बोलताना सगळ्यालाच गोळी म्हणतो, पण दुकानात गोंधळ नको म्हणून, पितळी नळकांडं, बारूद, मागचा प्रायमर, म्हणजे बारूद पेटवणारी टिकली, आणि पुढची बुलेट मिळून होतं ते काडतूस. जनावरात शिरते ती फक्त बुलेट, आणि तिचं वजन ग्रेनमध्ये लिहिलेलं असतं. ग्रेन म्हटलं की सगळे गोंधळतात, तर आपल्या भाषेत सांगायचं तर १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक जुना तोळा. झालं! ३०८ नावाच्या काडतुसाची १५० ग्रेनची बुलेट म्हणजे तोळ्याला थोडी कमी, आणि एआर-१५ जातीच्या रायफलीची ५५ ग्रेनवाली पाव तोळ्याच्या वर थोडीशी. सोनाराकडे बसलोय असं समजून बॉक्स वाचा.

वजनापेक्षा बांधणी महत्त्वाची. बॉक्सवर एफएमजे लिहिलेलं असेल तर ते रेंजवर वापरा, डुकरावर नाही, ती बुलेट न फुलता सुईसारखी आरपार जाते, डुक्कर पळून कुठेतरी लांब मरतं आणि गोळी मागे कशावर जाऊन आदळेल सांगता येत नाही. व्हार्मिंट लिहिलेलं असेल तर ती कायोटीसारख्या लहान जनावरांसाठी, आदळताच फुटणारी, तीही नको. आपल्याला हवी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे शिशाचं मऊ टोक उघडं असलेली, त्याहून चांगली बाँडेड, म्हणजे शिसं आणि तांब्याचं कवच आतून चिकटवलेलं, आणि कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, छोटं असेल तर सगळी तांब्याची, बार्न्सच्या टीएसएक्स सारखी, ती फुलते पण तुकडे होत नाहीत. बॉक्समागे दोन डॉलर वाचवायचे तर ते दुसरीकडे वाचवा.

काडतुसाचं नाव आणि नळीवर कोरलेलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. ५.५६ च्या नळीत .२२३ चालतं, पण .२२३ कोरलेल्या नळीत ५.५६ घालू नये, दाब जास्त असतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे .३०० ब्लॅकआउट, त्याचं काडतूस त्याच मॅगझिनात बसतं, कधीकधी .२२३ च्या रायफलीत पुढे शिरतंही, आणि चाप ओढला की रायफल तुमच्या तोंडाजवळ फुटते. घरात दोन्ही असतील तर मॅगझिनांना रंगीत टेप लावा, किंवा माझ्यासारखं करा, दोन्ही ठेवूच नका.

४. कॅलिबर

यावर लोक पुणे-मुंबईसारखे भांडतात. माझं मत सांगतो.

नवीन माणसाला, ज्याने आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही, त्याला मी .२४३ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर सांगतो. .२४३ मध्ये ९५ ते १०० ग्रेन, ६.५ मध्ये १२० ते १४३. धक्का ३०८ पेक्षा कमी, आणि डुकराला पुरून उरतात. .३०८ विंचेस्टर हा घरचा वरणभात, १९५२ पासून आहे, कुठल्याही दुकानात काडतुसं मिळतात, १५० ते १६५ ग्रेनचं सॉफ्ट पॉइंट घेतलं की विचार करायची गरज नाही, पण धक्का खांद्याला जाणवतो आणि धक्क्याला घाबरलेला माणूस नेम चुकवतो. त्यामुळे ३०८ घ्यायची तर आधी कोणाची तरी वीस राउंड मारून बघा.

.२२३ ने डुक्कर मरतं का? मरतं. रोज मरतात. पण ६० ग्रेनच्या वरची बाँडेड किंवा तांब्याची बुलेट, शंभर यार्डाच्या आत, आणि जागेवर बसली तर. चुकीला माफी कमी. पहिलंच डुक्कर त्याने मारू नये असं मला वाटतं, पुढे हात बसला की खुशाल. रायफल जुनी असेल तर नळीचा ट्विस्ट, म्हणजे किती इंचात बुलेट एक गिरकी घेते ते, बघा, १:१२ वाली नळी या जड बुलेट नीट फिरवत नाही, १:८ किंवा १:७ हवी.

.३०-३० हे माझं लाडकं. १८९५ चं काडतूस, लिव्हर अॅक्शन (चापाजवळचा दांडा हाताने खालीवर करून भरायची) रायफल, दाट झाडीत सत्तर-ऐंशी यार्डाला १५० किंवा १७० ग्रेन, काम तमाम. फक्त नळीखालच्या ट्यूबमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात, म्हणजे मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकतं, म्हणून त्यात टोकदार कडक बुलेट चालत नाही, चपट्या नाकाची किंवा खास मऊ टोकाची हवी. .४५-७० ऐकायला भारी वाटतं, डुक्कर उलटतंही, पण बॉक्सची किंमत आणि खांदा दोन्ही दुखतं. पॉइंट टूटू म्हणजे .२२ एलआर ने डुक्कर मारायला जाऊ नका, ती क्रूरता आहे.

५. आता रायफल

सॅवेज अॅक्सिस, रुगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रिअट, यातली कुठलीही बोल्ट अॅक्शन, म्हणजे दर बारानंतर बोल्ट हाताने मागेपुढे ओढून भरायची, घ्या, नवीन माणसाला यांच्यातला फरक डुक्कर मरण्यापुरता शून्य आहे. बोल्ट अॅक्शन यासाठी की एका वेळी एकच बार, त्यामुळे पहिला नीट मारायची सवय लागते, आणि चेंबर रिकामं आहे की नाही ते बोल्ट उघडला की डोळ्याला दिसतं. सेमी-ऑटो, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी, घेणारे म्हणतात कळप असतो, चार-पाच मारता येतात. बरोबर आहे, पण पहिल्याच वर्षी पळत्या कळपावर भराभर बार काढणारा माणूस माझ्या बाजूला नको.

दुकानात रायफल उचला, काउंटरवाल्याला विचारून, बोल्ट उघडा ठेवून. डोळे मिटा, खांद्याला लावा, डोळे उघडा. डोळा सरळ स्कोपच्या मध्ये आला तर दस्त्याची लांबी जमली, मान ताणावी लागली तर नाही जमली. आपल्यातल्या बऱ्याच जणांना, आणि बायकांना तर नक्कीच, इथला स्टँडर्ड दस्ता लांब पडतो, मग यूथ किंवा कॉम्पॅक्ट मॉडेल मागा, लाज वाटून घेऊ नका.

स्कोपला पैसे ठेवा. ३-९ किंवा २-७ पॉवरचा साधा, नावाजलेल्या कंपनीचा पुरे. डुक्कर बहुतेक संध्याकाळी उशिरा आणि पहाटे येतं, तेव्हा स्वस्त स्कोपात नुसता चिखल दिसतो. रात्रीचं थर्मल वगैरे पुढच्या वर्षी, ते रायफलीच्या दुप्पट-तिप्पट किमतीचं असतं आणि त्यात मागे काय आहे, गाय की ट्रक की माणूस, याचा अंदाज नवशिक्याला येत नाही.

६. रेंज

एकाच ब्रँडचे पाच बॉक्स आधीच घेऊ नका. तीन वेगवेगळे बॉक्स घ्या, टेबलावर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवा, शंभर यार्डाला प्रत्येकाचे तीन-तीन बार कागदावर काढा, मध्ये नळी गार होऊ द्या. एकाचे तिन्ही दीड-दोन इंचात येतील, दुसऱ्याचे चार इंचात फाकतील, तीच रायफल, तोच माणूस. जे जवळ बसतं ते काडतूस त्या रायफलीचं. मग त्याचे बॉक्स भरून ठेवा आणि त्याच्यावरच स्कोप शंभर यार्डाला शून्य करा, म्हणजे जिथे नेम तिथेच गोळी बसेल असा जुळवा. ३०८ मध्ये १५० ग्रेनचं काडतूस दोनशे यार्डाला तीन-चार इंच खाली जातं, पण तुम्ही पहिल्या वर्षी दोनशेवर मारणारच नाही आहात.

आणि नंतर टेबल सोडा. बसून, गुडघ्यावर, काठीच्या टेकूवर. रँचवर टेबल नसतं.

माझा मित्र मला न सांगता मॅगझिनात एक खोटं काडतूस घालायचा. मी नेम धरला, चाप ओढला, नुसतं टक् वाजलं आणि नळीचं टोक चांगलं चार बोटं खाली गेलं. म्हणजे बार उडायच्या आधीच मी दचकत होतो, आणि इतके दिवस स्कोपला दोष देत होतो. हा प्रयोग प्रत्येकाने करून घ्यावा, फार लाजिरवाणा आहे. कानांना आत प्लग आणि वर मफ, दोन्ही.

७. प्रत्यक्ष

रायफल नेहमी भरलेली आहे असं समजून वागा, नळी जिकडे नुकसान व्हायला नको तिकडे वळवू नका, नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि डुकराच्या मागे काय आहे ते बघा. चौथं सगळ्यात जास्त विसरलं जातं, कारण डुकरं कळपात असतात, एकाच्या आरपार जाऊन गोळी मागच्या पिल्लाला किंवा रँचवाल्याच्या वासराला लागते. मातीचा उतार मागे असेल तरच बार. घरी रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवली तर त्याची जबाबदारी कायद्याने तुमची.

पडलेल्या डुकराजवळ पाठीच्या बाजूने जा, पायांच्या बाजूने नाही, लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा, पापणी हलली तर अजून एक बार. सोलताना रबरी हातमोजे घाला, घालाच, या डुकरांत ब्रुसेलोसिस नावाचा रोग असतो आणि तो हातावरच्या छोट्याशा चिरेतून रक्तावाटे माणसाला होतो. कच्चं मांस कुत्र्याला टाकू नका.

शिकारीची बॅग भारतात जाताना वापरू नका. एखादं काडतूस शिवणीत अडकून राहतं, आणि मुंबई विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की मग १९५९ चा आर्म्स अॅक्ट, पोलीस, आणि बाहेर हार घेऊन उभे असलेले सासूसासरे. वेगळी बॅग.

खायचं असेल तर मोठ्या नराच्या मागे लागू नका, उग्र वास येतो, किती मसाला घाला जात नाही. ऐंशी-शंभर पाउंडांची मादी बघा, जिच्यामागे पिल्लं नाहीत अशी. मांस लगेच बर्फात. आतपर्यंत १६० फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सियस, थर्मामीटर खुपसून बघायचं, गुलाबी ठेवायचं नाही. आमच्याकडे मालवणी मसाला, भाजलेलं सुकं खोबरं आणि चार-पाच त्रिफळं घालून मंद आचेवर तीन तास ठेवतात, बरोबर तांदळाची भाकरी. कुकरला लावू नका, तंतू तंतू होतात.